बावीसची सेमी-ऑटो अडकतेय? पार्ट बदलायच्या आधी या क्रमाने तपासा

दर महिन्याला रेंजवर एकतरी जण येतो, रायफल टेबलावर ठेवतो आणि म्हणतो "एक्स्ट्रॅक्टर गेला वाटतं", म्हणजे पुंगळी पकडणारं नख. विचारलं की गोळी कुठली वापरली, मॅगझिन कुठलं होतं, पुंगळी कुठे पडत होती, तर उत्तर नाही. पुंगळ्या तर झाडून टाकलेल्या असतात. मग नवीन एक्स्ट्रॅक्टर येतो, पैसे जातात आणि रायफल पुन्हा तशीच अडकते, कारण मुळात दोष होता मॅगझिनच्या ओठांत नाहीतर चेंबरमधल्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतल्या, मेणात.

हे सगळं .२२ एलआर (लाँग रायफल) रिमफायर सेमी-ऑटो, म्हणजे एका दाबात एक गोळी आणि पुढची आपोआप भरणाऱ्या, स्पोर्टिंग रायफलबद्दल आहे, जी ब्लोबॅकवर चालते. म्हणजे बोल्टला, चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, कुलूप नसतं, बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो बंद राहतो, आणि गोळी सुटली की पुंगळीच मागे ढकलली जाऊन बोल्टला मागे लोटते. गॅस-पिस्टनवाल्या मोठ्या कॅलिबरच्या हत्यारांचं गणित वेगळं असतं, तिथे हा लेख जसाच्या तसा लावू नका. आणि आपल्या लायसन्सवर जे हत्यार चढलंय त्याचंच काम आपण करतोय हे गृहीत धरलंय.

एक गोष्ट आधीच. साफ करणं, तपासणं, निरखणं हे आपलं काम. घासणं, कापणं, वाकवणं, पार्ट बसवणं हे लायसन्सवाल्या गनस्मिथचं. आर्म्स ॲक्ट, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती लायसन्सशिवाय कोणाला करता येत नाही, त्यामुळे एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे रायफल न्यायची नाही.

१. आधी रायफल रिकामी करा, आणि अडकलेलं नीट काढा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात कारण माणूस घाईत असतो, मागे लाइनमध्ये लोक थांबलेले असतात.

नळी टार्गेटच्या मातीकडेच ठेवायची, बोट चापाबाहेर, सेफ्टी लागत असेल तर लावायची. मग मॅगझिन काढायचं. मग बोल्ट मागे ओढून धरायचा किंवा लॉक करायचा. मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, आणि उजेड कमी असेल तर करंगळीनेही. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बोल्ट ओढला आणि मॅगझिन आतच राहिलं, तर बोल्ट सोडताक्षणी पुढचा राऊंड (न सुटलेलं काडतूस) चेंबरमध्ये जातो आणि तुम्ही समजता रायफल रिकामी आहे.

चाप दाबल्यावर नुसता "खट" आवाज आला आणि गोळी सुटली नाही तर नळी तशीच समोर धरून ३० सेकंद थांबा. उशिरा सुटणारी गोळी कमी बघायला मिळते पण मिळते. त्यानंतरच बोल्ट उघडायचा, तोही तोंड त्याच्या समोर न आणता.

आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, "फुस्स" असा, आणि टार्गेटवर भोक नाही, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची गोळी मारली तर नळी फुगते, फुटूही शकते. रायफल रिकामी करून मागून नळीत उजेड बघा, आरपार दिसत नसेल तर तुमचं काम संपलं, गनस्मिथ.

अडकलेली रिकामी पुंगळी काढताना: बोल्ट मागे लॉक, मॅगझिन बाहेर, ती नक्की रिकामी आहे याची खात्री, आणि मग पुढून क्लीनिंग रॉडने हलकं टोचायचं. जिवंत राऊंड अडकला असेल तर पुढून रॉड अजिबात घालायचा नाही. रिमफायरमध्ये बारूद पेटवणारा मसाला कडेच्या घेरात भरलेला असतो, त्या कडेला स्क्रूड्रायव्हर नाहीतर पकड लावली आणि ती चेपली तर गोळी हातात सुटू शकते. रेंज ऑफिसरला बोलवा, लाज कसली त्यात.

तपासा: मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर रिकामा. हे तिन्ही स्वतःच्या तोंडाने मोठ्याने म्हणायचं. आमच्याकडे पोरं हसतात पण म्हणतात.

२. नेमकं कुठे अडकतंय ते ओळखा

"अडकते" हा शब्द पुरेसा नाही. डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगितल्यासारखं ते. रायफलचं चक्र असं असतं: मॅगझिनमधून राऊंड वर येतो, बोल्ट त्याला चेंबरमध्ये ढकलतो, बोल्ट पूर्ण बंद होतो, गोळी सुटते, पुंगळी मागे येते, इजेक्टर नावाच्या खुंटीला आपटून बाहेर फेकली जाते, तेवढ्यात आत घोडा, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारा हातोडा, चढतो, आणि स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते. यातली कुठली पायरी चुकली हे अडकल्यावर हात लावायच्या आधी बघायचं. मोबाईल आहे ना खिशात, रायफल सुरक्षित दिशेला धरून शेजाऱ्याला फोटो काढायला सांगा.

राऊंडचं नाक खाली घुसलं किंवा वर आभाळाकडे गेलं तर पहिला संशय मॅगझिनवर. राऊंड अर्धा चेंबरमध्ये आणि बोल्ट थोडासा उघडा राहिला तर चेंबर घाण आहे, नाहीतर स्प्रिंग दमलीय. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी राहिली, धुराड्यासारखी, तर बोल्ट पुरेशा जोराने मागे गेला नाही, किंवा इजेक्टरची धार गेलीय, किंवा एक्स्ट्रॅक्टरने पुंगळी नीट पकडून ठेवली नाही. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून नवीन राऊंड तिच्यावर आदळला, तर हा खरा एक्स्ट्रॅक्शनचा प्रॉब्लेम. पुंगळी बाहेर पडली पण नवीन राऊंड आलाच नाही तर बोल्ट मॅगझिनच्या मागेपर्यंत पोचला नाही, याला आपण आखूड धाव म्हणू. (काही मॉडेलमध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहतच नाही, तो दोष नाही, मॅन्युअल बघा.)

आणि एकदा चाप दाबल्यावर दोन गोळ्या सुटल्या तर मजा वाटू देऊ नका. रायफल रिकामी करा, पिशवीत घाला, गनस्मिथकडे न्या. अशी रायफल धोक्याची तर आहेच, वर एका दाबात सलग सुटणारं हत्यार कायद्यात प्रतिबंधित प्रकारात मोडतं, "आपोआप झालं" हे सांगायला कुठे जाणार?

३. काडतूस: निम्मा प्रॉब्लेम इथेच सुटतो

ब्लोबॅक रायफल गोळीच्या जोरावर चालते, त्यामुळे गोळीत जोर कमी तर बोल्टची धाव आखूड. नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी टार्गेटच्या स्टँडर्ड काडतुसात ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास जाते, हाय व्हेलॉसिटीत ३८० च्या जवळ. बऱ्याच सेमी-ऑटो रायफली हाय व्हेलॉसिटी धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडे बोल्ट ॲक्शनवाले, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढणारे, मित्र मॅचची गोळी कौतुकाने देतात, ती अचूक असते यात वाद नाही, पण तुमच्या सेमी-ऑटोत तीच गोळी धुराडी उभी करत बसेल. खडकीच्या फॅक्टरीची असो की इम्पोर्टेड, लॉट बदलला की वागणं बदलतं.

करायचं असं. मिळतील तशी दोन-तीन प्रकारची काडतुसं घ्या, लायसन्सवरच्या कोट्यात बसतील तेवढीच, प्रत्येकाच्या दहा गोळ्या, एकच मॅगझिन, साफ केलेली रायफल. वहीत लिहा कितवी गोळी अडकली आणि कशी. एका प्रकारात दहापैकी चार अडकल्या आणि दुसऱ्यात एकही नाही, तर झालं, तुमची रायफल चांगली आहे, तिला ते जेवण मानवत नाही एवढंच.

गोळ्या भरायच्या आधी एकेक बोटांनी फिरवून बघा. शिशाचं टोक पुंगळीत सैल हलतंय का, कड वाकलीय का, हिरवट डाग आलाय का. असा राऊंड बाजूला काढायचा.

आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, आणि लोक काडतुसांचा डबा डॅशबोर्डवर ठेवून रसवंतीवर बसतात. रिमफायरच्या गोळीवर बाहेरून मेण किंवा ग्रीससारखा पातळ लेप असतो, तो वितळून पुंगळीवर ओघळतो, त्याला काळ्या मातीची धूळ चिकटते, आणि तीच चिकट गोळी चेंबरमध्ये जाते. डबा सावलीत, कापडात गुंडाळून. उलट धुळ्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो तेव्हा तेच मेण आणि जाड तेल घट्ट होऊन बोल्ट सुस्त चालतो, पहिल्या पाच गोळ्या अडकतात आणि मग सूर्य वर आला की रायफल "आपोआप बरी" होते.

४. मॅगझिन

दुसरं मॅगझिन लावा. बस. एवढीच टेस्ट. दोष मॅगझिनसोबत गेला तर मॅगझिन, रायफलसोबत राहिला तर रायफल. प्रत्येक मॅगझिनवर मार्करने १, २, ३ लिहून ठेवा, नाहीतर पिशवीत सगळी सारखीच दिसतात आणि वाईट मॅगझिन वर्षभर लपून राहतं.

मॅगझिनचे वरचे दोन ओठ समोरून बघा, दोन्ही बाजू सारख्या वळलेल्या पाहिजेत. पडलेल्या मॅगझिनचा एक ओठ उघडतो आणि राऊंड वाकडा वर येतो. पकडीने ते ओठ दाबायला जाऊ नका, एका वेळेस पत्रा किती वाकेल याचा अंदाज आपल्याला नसतो, नवीन मॅगझिन स्वस्त पडतं. आतला फॉलोअर (राऊंड वर ढकलणारी पट्टी) पेन्सिलने दाबून सोडा, अडखळत वर येत असेल तर आत धूळ आणि मेण आहे. उघडता येत असेल तर उघडून कोरड्या कापडाने पुसा.

खबरदार: मॅगझिनमध्ये तेल नाही. एक थेंबसुद्धा नाही. तेल राऊंडवर जातं, राऊंड चेंबरमध्ये, आणि धूळ सगळ्यांवर.

५. साफसफाई, पण क्रमाने

इथे आमच्या अमळनेरकडच्या एका आबांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांची रायफल प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या गोळीला पुंगळी आत ठेवायची. आबा म्हणाले साफ करून आणलीय, आणि खरंच चमकत होती. मी विचारलं "आबा, तेल कितलं टाकेल शे?" तर म्हणाले थोडंसंच. बोल्ट काढला तर बोटं तेलात बुडाली, ते जाऊ द्या, भिंग घेऊन एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली बघितलं तर तिथे पांढरा धागा. दात कोरायच्या काडीने ओढला तर निघतच गेला, बोटभर लांब, तेलाने काळा झालेला. आबांनी घरातला वेचणीचा कापूस घेतला होता, सरकी काढून, वातीसारखा वळून. कापसाच्या मुलखात कापूसच हाताशी येणार, पण त्याचे तंतू नखाखाली जाऊन बसतात आणि नख पुंगळीच्या कडेवर पूर्ण बसत नाही. जुन्या धोतराचं किंवा मलमलचं धुतलेलं कापड वापरा, चौकोनी तुकडे कापून. त्या दिवशी आबांच्या रायफलने पुढच्या चाळीस गोळ्या एकदाही न अडकता मारल्या आणि आबा माझ्याकडे असं बघत होते की जणू मीच आधी तो धागा घातला होता.

क्रम असा ठेवा. रायफल रिकामी, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मॅन्युअलप्रमाणे जेवढं उघडायला सांगितलंय तेवढंच उघडा, ट्रिगरचा डबा उघडायचा नाही. पार्ट काढले त्या क्रमाने एका पांढऱ्या कापडावर मांडा आणि फोटो काढा. आधी नळी, शक्य असेल तर मागून पुढे, रॉड सरळ धरून, कारण नळीच्या तोंडाची कड रॉडने घासली गेली की अचूकता जाते. मग चेंबर. मग बोल्टचं तोंड. मग एक्स्ट्रॅक्टरचं नख. मग बोल्ट ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या पट्ट्या. नळी आधी का, तर नळीतली घाण चेंबर आणि बोल्टच्या जागेत पडते, बोल्ट आधी साफ केला तर तो पुन्हा करावा लागतो, आणि दुसऱ्यांदा करायचा कंटाळा येतो हे सगळ्यांना माहीत आहे.

तेलाचं: बोल्टच्या सरकपट्टीवर दोन्ही बाजूंना एकेक थेंब हलक्या गन ऑइलचा, बोटाने पसरवायचा आणि मग कोरड्या कापडाने पुसून घ्यायचा. पुसल्यावर जे उरतं तेवढंच पाहिजे. चेंबरमध्ये, फायरिंग पिनच्या खाचेत तेल नको, तिथे ते घट्ट होऊन पिन हळू मारते. खोबरेल, गोडेतेल कधीच नको, महिन्याभरात ते डिंकासारखं होतं. रॉकेल घाण सोडवतं पण मागे संरक्षण ठेवत नाही, गंज धरतो. बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रेही तेलाची जागा घेत नाही. आणि शिसं असतं या सगळ्यात, गोळीत पण आणि मसाल्याच्या धुरात पण, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय चहा नाही आणि तंबाखू तर अजिबात मळायची नाही.

निवडणुकीत ज्यांची हत्यारं ठाण्यात जमा होतात त्यांच्यासाठी वेगळं. दोन-दोन महिने रायफल कोपऱ्यात उभी असते, तेल सुकून पिवळा थर बसतो. जमा करताना पातळ तेलाचा हात मारून द्या आणि परत आल्यावर पहिली गोळी मारायच्या आधी नळीतून उजेड बघाच. मी एकदा एकाच्या नळीत कुंभारीण माशीचं घर बघितलंय, मातीचं, कडक, तोंडापासून चार बोटं आत. ती गोळी सुटली असती तर हा लेख वेगळाच झाला असता.

तपासा: बोल्ट बसवल्यावर हाताने पाच-सहा वेळा मागे-पुढे करा, घोडा न सोडता. कुठे खरखर, कुठे अडखळ? एकसारखा सरकला पाहिजे.

६. चेंबर

रिमफायरच्या चेंबरमध्ये पुढच्या टोकाला मेण, शिसं आणि कार्बन यांचं एक कडं बसतं. नळी रोज साफ करणारे लोकही हे कडं सोडतात कारण कापड त्याच्यावरून घसरत निघून जातं. ज्यांनी एलआरच्या चेंबरमध्ये .२२ शॉर्ट मारल्यात त्यांच्याकडे तर हे कडं जाड असतं, कारण शॉर्टची पुंगळी आखूड आणि तिच्या पुढची जागा काजळत राहते. मग लांब पुंगळी आत गेली की तिचं तोंड त्या कड्यात रुतून बसतं आणि मागे यायला मागत नाही.

सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं कापड चेंबरमध्ये दहा मिनिटं ठेवा. मग ब्राँझचा ब्रश मागून चेंबरमध्ये घालून फक्त तिथेच गोल फिरवा, आठ-दहा वेढे. मग कोरडं कापड, ते काळं येणं बंद होईपर्यंत. शेवटी पूर्ण कोरडं.

आता टॉर्च लावून चेंबरच्या मागच्या काठाकडे बघा, जिथे फायरिंग पिन मारते त्या जागी. तिथे खड्डा किंवा आत ढकललेली धातूची बारीक कड दिसली तर समजा की कोणीतरी रिकाम्या रायफलचा चाप दाबत बसलं होतं. रिमफायरमध्ये काडतूस नसेल तर पिन काही मॉडेलमध्ये सरळ चेंबरच्या काठावर आदळते, ती कड आत आली की राऊंड जाताना घासतो आणि पुंगळी येताना अडते. ही कड बसवायचं खास हत्यार गनस्मिथकडे असतं. कानशीने घासू नका, सँडपेपर गुंडाळलेली काडी चेंबरमध्ये फिरवू नका. चेंबर एकदा मोठा झाला की पुंगळ्या फुटतात आणि त्याला मग इलाज म्हणजे नवीन बॅरल.

७. एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर

ही टेस्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ब्लोबॅकमध्ये सुटलेली पुंगळी मागे यायला एक्स्ट्रॅक्टरची फारशी गरज नसते, तिला आतला दाबच मागे ढकलतो, एक्स्ट्रॅक्टर तिला इजेक्टरपर्यंत बोल्टला धरून ठेवतो एवढंच. पण न सुटलेला राऊंड हाताने बोल्ट ओढून बाहेर काढायचा असेल तर सगळं काम एक्स्ट्रॅक्टरचं.

म्हणून डमी राऊंड घ्या, तो हाताने चेंबरमध्ये नेऊन बोल्ट ओढून काढा, दहा वेळा. डमी नसेल तर हे रेंजवरच, नळी मातीकडे, बोट बाहेर, एका वेळेस एकच राऊंड, घरात बिलकुल नाही. डमी प्रत्येक वेळी बाहेर येतोय पण सुटलेल्या पुंगळ्या आत राहतात, तर एक्स्ट्रॅक्टर निर्दोष, परत सहाव्या टप्प्यात जा. उलट, सुटलेल्या पुंगळ्या कशाबशा निघतात पण डमी आतच राहतो किंवा अर्ध्यात पडतो, तर नख बघा.

नखाचं टोक भिंगातून धारदार, काटकोनात दिसलं पाहिजे. गोल झालं असेल तर ते कडेवरून घसरतं. काडीने नख बाहेर ढकलून सोडा, टचकन परत बसलं पाहिजे, हळूहळू आलं तर त्याच्या स्प्रिंगमध्ये घाण आहे किंवा ती दमलीय. इजेक्टर सैल हलतोय का आणि त्याचं टोक झिजलंय का एवढं बघा.

आता पुंगळ्या वाचा, त्या झाडून टाकू नका म्हटलं ते यासाठी. दहा पुंगळ्या रांगेत ठेवा. कडेला एका जागी ओरखडा किंवा तुटलेला चंद्र दिसला तर नख ओढत होतं पण पुंगळी अडलेली होती, म्हणजे दोष चेंबरचा. लांबीच्या दिशेने ओरखडे असतील तर चेंबर खरखरीत. तोंड चेपलेलं असेल तर पुंगळी बाहेर जाताना कशावर तरी आदळतेय. कड फुगलेली किंवा चिरलेली दिसली तर गोळीबार बंद, कारण बोल्ट पूर्ण बंद न होता गोळी सुटतेय अशी शंका घ्यायलाच हवी.

८. स्प्रिंग, स्क्रू आणि स्कोप

स्प्रिंग शेवटी, आणि लोक सुरुवात इथून करतात. धुळ्याचं एक पोरगं स्प्रिंगचे दोन वेढे कापून आलं होतं, कोणीतरी सांगितलं होतं म्हणे की बोल्ट हलका होतो. "काय करी ऱ्हायना भो तू?" एवढंच निघालं माझ्या तोंडून. स्प्रिंग कमजोर झाली की बोल्ट जोराने मागे आदळतो आणि पुढे येताना पूर्ण बंद होत नाही. जास्त कडक असली तर धाव आखूड. कापूनही नाही, ताणूनही नाही. वाकलेली, गंजलेली किंवा नवीनपेक्षा स्पष्ट आखूड झालेली असेल तर कंपनीचीच नवीन स्प्रिंग, गनस्मिथकडून.

दस्त्याचा स्क्रू फार आवळला तर काही रायफलींत बोल्टची जागा दाबली जाते. अर्धा वेढा सैल करून बोल्ट हाताने चालवून बघा, फरक लगेच कळतो, आणि मग मॅन्युअलमधल्या मापाला परत आवळा. स्कोप नवीन बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर माऊंटचा स्क्रू लांब होऊन आत बोल्टला घासतोय का, आणि पुंगळी स्कोपच्या फिरकीवर आदळून परत खिडकीत पडतेय का, हे बघा. हे एवढं साधं असतं आणि महिने खातं.

९. पुन्हा रेंजवर

एका वेळेस एकच बदल. मॅगझिनही बदललं, गोळीही बदलली, साफही केली आणि रायफल चालली, तर कशाने चालली हे कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

आधी मॅगझिनमध्ये एकच राऊंड, गोळी मारा, पुंगळी बाहेर पडली का बघा. मग दोन, म्हणजे दुसरा राऊंड आपोआप येतो का कळतं, आणि एका दाबात एकच सुटते हेही. मग पाच. मग पूर्ण मॅगझिन. रायफल खांद्याला नीट घट्ट टेकवून मारा, सैल धरली तर हलक्या रायफलीत बोल्टचा थोडा जोर खांद्याकडेच वाया जातो. शेजाऱ्याला पुंगळ्या कुठे पडतात ते बघायला लावा. एकाच बाजूला, साधारण सारख्या अंतरावर पडतायत तर छान. तिसाव्या गोळीनंतर त्या रायफलीच्या जवळ पडायला लागल्या तर घाण साचतेय, आणि तुमची रायफल किती गोळ्यांनी साफ करायला पाहिजे याचा आकडा तुम्हाला मिळाला, तो वहीत लिहा.

बोल्ट पूर्ण बंद झाला नाही तर तळव्याने ठोकून बंद करायचा नाही. रिकामी करा, का बंद झाला नाही ते बघा.

१०. गनस्मिथकडे नेताना

एवढं करूनही अडकत असेल तर रायफल रिकामी, वेगळ्या पिशवीत, लायसन्स सोबत. आणि हे घेऊन जा: अडकलेल्या वेळच्या पाच-सहा पुंगळ्या आणि न अडकलेल्या तेवढ्याच, वेगवेगळ्या पाकिटात, वर लिहून. ज्या मॅगझिनसोबत त्रास होतो तेच मॅगझिन. गोळीचं नाव आणि लॉट नंबर. मोबाईलमधला फोटो. वही. "एक्स्ट्रॅक्टर बदला" असं सांगू नका, "डमी दहापैकी सहा वेळा आत राहतो, चेंबर साफ आहे, दोन्ही मॅगझिनला सारखंच" असं सांगा. परत घेताना जुना पार्ट मागून घ्या, भिंगाखाली बघा, आणि नवव्या टप्प्यातली एक राऊंडवाली टेस्ट पुन्हा पहिल्यापासून करा.